टाकीवरचा पिवळ्या

सध्या आमची शाळा सकाळची आहे. ऊन तापायला लागलं की जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळी भरतात, आणि प्रार्थनेला निम्मी मुलं डोळे मिटूनच उभी असतात. गेल्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात हजेरी घेताना माझं लक्ष एका नव्या दप्तरावर गेलं. त्यावर पिवळा झगा घातलेला, मोठ्या कानांचा एक पोरगा कमरेवर हात ठेवून उभा होता. मी त्याला ओळखलं. आनंद झाला की राग आला, हे काही मला कळेना.

दप्तराची मालकीण भाग्यश्री. तिला विचारलं, "हा अजून टीव्हीवर येतो का गं?"

"हाव मॅडम. रोज येतो."

"अजून रडतो का?"

"रडत न्हाई मॅडम, भितो. त्याला वाटतं आपल्याला काहीच येत न्हाई."

"मग असला कशाला घेतलास दप्तरावर?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिसरीत मी आहे आणि ती मॅडम. "काय झालं मग? मला बी भागाकार येत न्हाई ना."

वर्ग हसला, मीही हसले आणि फळ्याकडे वळले. पण भागाकार शिकवताना दोनदा चुकले, आणि दोन्ही वेळा मुलांनीच दाखवून दिलं.

तीन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी लातूरला होते. आमच्या नांदेड-लातूरकडे आता एक रीतच पडून गेली आहे. लेकरू बारावीला गेलं आणि त्याला डॉक्टर करायचं ठरलं, की संसार दोन ठिकाणी मांडायचा. बाप नोकरीवर नाहीतर शेतावर, आणि आई लातूरला खोली करून लेकराजवळ. कुणाची आई दोन वर्षं राहते, कुणाची शेवटचे काही महिने. माझी प्रज्ञा तिथल्या हॉस्टेलात दीड वर्ष काढून कंटाळली होती, म्हणून शेवटच्या दोन महिन्यांसाठी मी बालसंगोपन रजा टाकली. कागदावरचं ते बालक सतरा वर्षांचं, माझ्याहून दोन बोटं उंच, आणि मी रिक्षातून उतरले तेव्हा त्यानंच माझी बॅग एका हातानं उचलून माडीवर नेली. प्रज्ञाचे पप्पा विष्णुपुरीला धरणावर नोकरीला. मी निघाले तेव्हा ते म्हणाले होते, "दोन महिने मी खिचडी खाऊन काढतो. तुम्ही मायलेकी गड जिंकून या."

गड म्हणे. तेव्हा आम्ही सगळेच असं बोलत होतो, आणि कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

खोली दहा बाय बाराची, भिंतींना गुलाबी ऑइलपेंट. आधी राहून गेलेल्या मुलांनी पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं सूत्रं लिहून ठेवलेली. एका कोपऱ्यात कुणीतरी नुसतं 'आई' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. भाकरी थापताना माझी नजर तिकडं जायची आणि मी विचार करायचे, हे कुणाचं लेकरू असेल, पुढं त्याचं काय झालं असेल. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळे निम्मी मोरी पिंपांनीच भरलेली. पहाटे पाचला आख्खी गल्ली पुटपुटायला लागायची. एका खिडकीतून बेडकाचं हृदय, दुसरीतून आम्ल आणि अल्कली. सहाला कुकरच्या शिट्ट्या. नऊ वाजता ऊन जिन्यावर चढून दारात बसायचं ते संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, किसलेल्या कैरीच्या तक्कूचा वास, नुकत्याच काढलेल्या झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास. भीतीलाही वास असता तर बरं झालं असतं, मला वेळेवर कळलं असतं.

दुपारी एक वाजता प्रज्ञा क्लासवरून यायची. तोंडावर पाणी मारायची, ताट पुढ्यात ओढायची आणि मोबाईल तांब्याला टेकवून उभा करायची. मग वीस मिनिटं ती जेवायची आणि कार्टून बघायची. सतरा वर्षांची पोरगी, उद्याची डॉक्टर, आणि बघते काय तर लहान लेकरांचं कार्टून! पहिल्या दिवशी मी भांडी आवरत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र पाणी द्यायच्या निमित्तानं मागं उभी राहून मीही पाहिलं.

त्या वीराचं नाव काहीतरी परदेशी होतं, माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. मी त्याला पिवळ्या म्हणायचे. एरवी तो पाव विकणाऱ्या एका बाईचा साधासुधा मुलगा, आणि संकट आलं की झगा घालून उडणारा. ताकद म्हणाल तर रेल्वेचा डबा एका हातानं उचलेल. पण त्याची एक खोड होती. शहरात काही अरिष्ट आलं, लोक ओरडायला लागले, की हा आधी सगळ्यांत उंच पाण्याच्या टाकीवर जाऊन पाय खाली सोडून बसायचा. आणि स्वतःशी बोलायचा. कार्टून हिंदीतलं, त्यामुळे तो म्हणायचा, "मुझसे नहीं होगा. पिछली बार भी तुक्के से हुआ था."

मला तिडीक यायची. "अगं, तिकडं पूल पडून राहिला, बसमध्ये लेकरं आहेत, आणि हा टाकीवर बसून काय विचार करून राहिला?"

प्रज्ञा घास चावत म्हणायची, "थांब ना. त्याला वेळ लागतो."

"तोवर बस पडती की!"

"पडत नाही. कार्टूनवाल्यांनी धरून ठेवलेली असती."

माझ्या लहानपणी असलं काही नव्हतं. गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक टीव्ही होता, त्यावर रविवारी जे वीर यायचे ते छाती काढूनच यायचे. त्यांना शंका म्हणून कधी आली नाही. आमचं घर बौद्ध. भिंतीवर ज्यांचा फोटो, ते अठरा अठरा तास अभ्यास करायचे, हे मी अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ऐकत आलेली. माझे वडील काही झालं की तेवढंच सांगायचे, आणि आम्ही भावंडं मुकाट्यानं पुस्तक उघडायचो. कंटाळा येतो, जमत नाही, हे बोलायची आमच्याकडे सोय नव्हती आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नव्हतं. निदान मला असं वाटतं की वाटत नव्हतं. आता खात्री देत नाही.

शेजारच्या खोलीत शांताबाई राहायच्या. रेणापूरजवळच्या खेड्यातल्या. मालक शेती बघायचे, आणि शांताबाई लेकासाठी, ओंकारसाठी, दोन वर्षांपासून लातूरला. शिक्षण चौथीपर्यंत, पण परीक्षेच्या गल्लीतला अनुभव माझ्याहून कितीतरी मोठा. कुठला भाजीवाला ताजी मेथी आणतो, झेरॉक्स कुठं स्वच्छ निघते, लेकराला ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, सगळं त्यांना पाठ. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या तुरीची डाळ घेऊन आल्या. आम्ही चहा घेत होतो. प्रज्ञा मला म्हणाली, "आई, मला फिजिक्स ना, काहीच..."

शांताबाईंनी कपबशी खाली ठेवली. "माय माय माय! घरात असं बोलायचं न्हाई, लेकरा. वास्तू तथास्तु म्हणत असती."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी हसून उडवून लावीन असं तिला वाटलं असणार. आमच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर असल्या साऱ्या गोष्टी उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या होत्या. वास्तू, मुहूर्त, नजर, सगळं. त्यांची नात शिक्षिका झाली, वर्गात अंधश्रद्धेवर नाटुकली बसवू लागली. आणि त्या नातीनं लातूरच्या त्या खोलीत काय केलं? लेकीच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हटलं, "शुभ बोल गं."

का केलं, ते मी अजून शोधते आहे. विश्वास बसला असं नाही. पण दोन वर्षं घातली, घराचे दोन तुकडे केले, सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो, आणि आता शेवटच्या दोन महिन्यांत कुणी सांगितलं की ह्या खोलीत अमुक शब्द उच्चारू नका, तर न उच्चारण्यात आपलं काय जातं? असाच हिशोब असेल. आपलं काहीच जात नव्हतं. जे जात होतं ते लेकीचं जात होतं.

शांताबाईंचीही एक गंमत होती. एकदा संध्याकाळी दारातून त्यांनी मला खुणावलं, "मॅडम, जरा गल्लीत या." खाली विजेच्या खांबापाशी मला नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला लई भ्या वाटून राहिलं. ओंकारचं न्हाई झालं तर मालकाला काय सांगू? घरात बोलता येत न्हाई म्हणून हितं आणलं तुमाला." म्हणजे गल्ली वास्तूच्या हद्दीबाहेर. मग मीही बोलले. प्रज्ञाचे सराव परीक्षेतले मार्क घसरत चालले होते, ते मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. आम्ही दोघी खांबापाशी उभ्या राहून पोटभर अशुभ बोललो आणि हलक्या होऊन वर गेलो. पुढं आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही अशा उतरायचो. आम्हाला गल्ली होती, पोरांना काही नव्हतं, हे त्या वेळी दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आणि मग एका दुपारी भिंतीपलीकडून शांताबाई विचारत आल्या, "मॅडम, रोज दुपारी कोण म्हणून राहिलं व्हय हे, नहीं होगा, नहीं होगा? माज्या खोलीत समदं ऐकू येतंय."

"कार्टून आहे, मावशी," प्रज्ञा म्हणाली. "आणि हिंदीत आहे. वास्तूला कुठं हिंदी कळतं?"

"कळतंय की! निजामाच्या राज्यातली वास्तू हाय. तिला उर्दू बी कळतंय."

आम्ही तिघी खूप हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आणि हसून झाल्यावर मी लेकीला म्हटलं, "खरंच, इअरफोन लाव बरं उद्यापासून. कशाला उगीच." दुसऱ्या दिवसापासून पिवळ्या आमच्या खोलीत मुका झाला. तो टाकीवर बसायचा, ओठ हलवायचा, कपाळाला हात लावायचा, आणि मला काही ऐकू यायचं नाही. एका कार्टूनचं तोंड बंद करणारी मराठवाड्यात मीच एकटी असेन.

प्रज्ञाचंही तोंड त्याच दिवसांत बंद झालं. ते असं हळूहळू झालं की मला ते शहाणपण वाटलं. विचारलं, पेपर कसा गेला, तर "बरा." जेवण कसं झालं, तर "बरं." आधी ती जेवताना काहीतरी बडबडायची, सरांच्या नकला करायची. आता वीस मिनिटं कानात दोरी आणि मान खाली. शांताबाई खूश. म्हणाल्या, "पोरगी बसली बघा आता अभ्यासाला. लेकरू बोलायचं बंद झालं की समजायचं, ध्येन लागलं." मी फोनवर प्रज्ञाच्या पप्पांनाही तेच सांगितलं, ध्यान लागलंय म्हणून. मार्क तरीही घसरतच होते. ते मी गल्लीसाठी राखून ठेवायचे.

एप्रिलमधल्या जयंतीला आम्ही नांदेडला नव्हतो. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडलं. आम्ही खोलीतच फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, आणि मी सवयीनं म्हटलं, "अठरा तास, बाळा. आपण बारा तरी करू." प्रज्ञा फोटोकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन एक वाक्य बोलली. "आई, त्यांना कधी वाटलं असेल का गं, की आपल्याच्यानं नाही होणार?"

मी चमकले. असं विचारायचं असतं का? माझ्या वडिलांना कुणी हे विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, याची मला कल्पनाही करवेना. मी म्हटलं, "त्यांना कसं वाटेल? वाटलं असतं तर आज आपण कुठं असतो?" ती बरं म्हणाली आणि पुस्तकाकडे वळली. संध्याकाळी फोनवर हे मी तक्रारीच्या सुरात प्रज्ञाच्या पप्पांना सांगितलं. तिकडं मिरवणुकीचा गलका होता. ते ओरडून म्हणाले, "अगं, झाडाखाली बसून रडले होते ना ते! राहायला कुणी जागा देईना म्हणून. दर जयंतीला भाषणात सांगतात की. ऐकलं नाहीस का कधी?"

ऐकलं होतं. चाळीस वर्षं दरसाल ऐकलं होतं. पण त्यापुढं त्यांनी काय केलं ते ऐकायची मला एवढी घाई असायची, की झाडाखालचा भाग माझ्या कानांवरून जायचा. त्या झाडाखाली किती वेळ बसले असतील? एक तास? आख्खा दिवस? आणि त्या वेळी जवळ कुणी असतं, तर त्यांनी काय म्हणायला हवं होतं? मी फोन ठेवला. मला एकदम काहीच समजेनासं झालं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारच्या जेवणाला, मी प्रज्ञाशेजारी जाऊन बसले. तिच्या एका कानातली दोरी काढून माझ्या कानात घातली. ती दचकली. पिवळ्या टाकीवर होता. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. त्या दिवशी त्याला उडताच येत नव्हतं, विसरला होता म्हणे.

"आज काय झालंय ह्याला?" मी विचारलं.

"काही नाही. उडायला गेला की त्याला जमीन दिसती."

"मग?"

"मग काही नाही. बसतो."

माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. मी म्हटलं, "त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे, तुला येतं, नक्की जमेल."

"सगळे तेच सांगतात त्याला." प्रज्ञानं मोबाईल थांबवला. "म्हणून तर वर जाऊन बसतो. खाली सगळे तेच म्हणत असतात."

वर कूलर घरघरत होता. तिनं ताटातली भाकरी मोडून तिचे बारीक तुकडे केले आणि एकही खाल्ला नाही. मग पिवळ्याचं नाव न घेता बोलायला लागली. पेपर समोर आला की अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. एकच प्रश्न ती पाच वेळा वाचते. फिजिक्सच्या मागच्या तीन परीक्षांत तिनं शेवटच्या दहा मिनिटांत डोळे मिटून गोल काळे केले होते. हे सगळं डिसेंबरपासून.

"डिसेंबर?" मी ओरडलेच. "अगं, चार महिने झाले! मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तू आल्यापासून चार वेळा सांगितलं. चारही वेळा तू माझ्या तोंडावर हात ठेवला."

मी मोजायला गेले. पहिला चहाच्या वेळचा. दुसरा पाणी भरताना. तिसरा, चौथा आठवेनात. मला आठवत नव्हते आणि तिला आठवत होते. मी रडले, ते सांगायला मला लाज वाटत नाही. वर्गातली चाळीस मुलं "मॅडम, समजलं नाही" म्हणतात तेव्हा मी खडू घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आणि घरच्या एकुलत्या एका मुलीला समजत नव्हतं, तर मी शुभ बोल म्हणत होते. ह्या खोलीत 'होणार नाही' असं म्हणायची परवानगी फक्त एका पिवळ्या झग्यातल्या पोराला होती, आणि त्याचाही आवाज मी बंद केला होता.

ह्यानंतर सगळं सुधारलं असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. आम्ही क्लासच्या सरांना भेटलो, त्यांनी फिजिक्सचे सोपे तेवढे धडे निवडून दिले. प्रज्ञा रोज संध्याकाळी माझ्याबरोबर गल्लीत उतरू लागली, आणि शांताबाई खांबापाशी आम्हा दोघींना बघून गोंधळून गेल्या. ती जेवायला लागली. सरांच्या नकला परत सुरू झाल्या. मार्क थोडे वर आले, थोडे खाली गेले.

मेच्या पहिल्या रविवारी परीक्षा. केंद्राच्या गेटबाहेर मांडव घातलेला. आत जाताना अंगावर काहीच चालत नाही, म्हणून सगळ्या आयांच्या मुठीत मुलींच्या कानातल्या रिंगा, केसांच्या पिना, हातातले दोरे. प्रत्येक आई एकच वाक्य म्हणत होती, होणारच, होणारच. प्रज्ञा गेटापर्यंत गेली आणि परत फिरली. म्हणाली, "आई, नाही झालं तर?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. माझ्या तोंडात चार उत्तरं तयार होती, आणि चारही मी वर्गात रोज वापरते. मी म्हटलं, "तर काय ते मला माहीत नाही, बाळा. पण तू बाहेर आलीस की मी इथंच असेन."

ती हसली आणि आत गेली. शांताबाईंनी माझा दंड धरला. "मॅडम! ऐन टायमाला असं बोलत असतेत व्हय?" मग हळूच म्हणाल्या, "ओंकारला बी मी असं म्हणायला पायजे व्हतं काय?" ओंकार तोवर आत गेला होता. मी म्हटलं, "मला काय माहीत, शांताबाई."

निकाल लागला. ओंकारला सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. प्रज्ञाला नाही मिळालं, जवळपासही नाही. सीईटी दिलेलीच होती, त्यावर ती परभणीला शेतकीच्या पदवीला गेली. शांताबाई पेढे घेऊन नांदेडला आल्या, अर्धा तास बसल्या, आणि निघताना मला मिठी मारून रडल्या. ओंकार शहाणा मुलगा आहे, बोलतो, हसतो, त्याला काही झालेलं नाही. तोंड बंद ठेवलं त्याचं झालं, तोंड उघडलं तिचं नाही झालं. मग कुणाचं खरं धरायचं? नातेवाइकांत अजून कुणीतरी म्हणतं, "शेवटच्या महिन्यात पोरगीचा धीर गेला." मी धीर घालवला, असं त्यांना म्हणायचं असतं. कधीकधी दुपारी एकटी असले की मलाही वाटतं, त्या दिवशी मी ती दोरी तिच्या कानातून काढली नसती तर?

आणि पिवळ्याबद्दलही माझं अजून ठरलेलं नाही. त्याची भीती खरी, की तीही एक युक्ती? कारण काही झालं तरी वीस मिनिटांत तो उडतोच, बस वाचतेच, मग जाहिराती. ज्याला जिंकायची हमी आहे त्यानं खुशाल शंका घ्यावी! माझ्या मुलीला अशी हमी कुणी दिली नव्हती. उलट कधी असंही वाटतं, की लहान लेकराला आपल्याहून मोठं, ताकदवान कुणीतरी भिताना बघायला मिळणं, हेच पुष्कळ आहे. घरातली मोठी माणसं भितात ती गल्लीत जाऊन. लेकरांना ती दिसतच नाहीत. मग लेकरं समजतात, भिणारे जगात आपण एकटेच. भाग्यश्रीच्या दप्तराकडे रोज बघते आणि रोज वेगळं काहीतरी वाटतं. तिला भागाकार अजून आलेला नाही, आणि ती तो बिनदिक्कत चुकवते.

काल रविवार. मी स्वयंपाकघरात होते, प्रज्ञाचे पप्पा बाहेर पेपर वाचत होते. परभणीहून फोन आला. नेहमीसारखं जेवलीस का विचारणार, तोच ती म्हणाली, "आई, मला हे सेमिस्टर जमत नाहीये. दोन विषय राहणार माझे. मृदाशास्त्र तर शंभर टक्के."

मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसले. तिनं सगळं सांगितलं. मातीचे नमुने, न समजणारी गणितं, रूममेटशी झालेलं भांडण, मेसमधलं पाणीदार वरण, मध्येच थोडी रडली, नाक ओढलं, परत सुरू झाली. पाऊण तास. मला एकही उपाय सुचला नाही आणि मी सुचवलाही नाही. शेवटी तिनं विचारलं, "ऐकून राहिलीस ना?" मी म्हटलं, "हाव, ऐकून राहिले." मग ती म्हणाली, "बरं, ठेवते, अभ्यास करते."

प्रज्ञाचे पप्पा दारात येऊन उभे होते. "काय झालं? काय म्हणते?"

"दोन विषय राहणार म्हणते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "मग तू हसून काय राहिलीस?"

मी डोळे पुसले, उठले, पुन्हा गॅस पेटवला.

"तिनं फोन करून सांगितलं," मी म्हटलं. "मला."